टेंभरी फाट्यावरचा गेटमन

चंद्रभान आबाजींना ड्युटीची वर्षं विचारली की ते छत्तीस सांगतात. चौतीस रेल्वेतली आणि दोन टेंभरी फाट्यावरची. रेल्वेची ड्युटी रेल्वेनं दिली होती. फाट्यावरची कुणी दिली, असं विचारलं तर आबाजी तुमच्याकडे असं पाहतील की पुढचं विचारायची हिंमत होणार नाही. कुणी दिली नव्हती. त्यांनी स्वतःच घेतली होती. आणि आबाजींशी वाद घालून जिंकलेला माणूस टेंभरीत तरी अजून जन्माला यायचा आहे.

टेंभरी हे हिंगणघाटपासून दहा-बारा किलोमीटरवरचं, नागपूर-हैदराबाद हायवेला खेटलेलं गाव. रोड जुना होता तेव्हा लोक भर रस्त्यात बैलगाडी उभी करून तंबाखू मळत. मग तो चौपदरी झाला. गाव एका अंगाला राहिलं आणि जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्या अंगाला. खालून जायचा बोगदा केला आहे, नाही असं नाही. पण तो दीड किलोमीटर पुढे! पाठीवर दप्तर घेतलेलं पहिलीतलं पोर दीड किलोमीटर तिकडे आणि दीड किलोमीटर परत इकडे चालत येईल, असं ज्या शहाण्याला वाटलं त्याला वैशाखात एकदा अनवाणी चालवायला हवं. शेवटी गावकऱ्यांनीच दुभाजकाचे चार दगड उपसून वाट केली आणि पोरं त्या वाटेनं जाऊ लागली.

शाळेच्या अंगाला तीनच गोष्टी. शाळा, बंद पडलेलं सोयाबीनचं गोदाम, आणि शाळेच्या मागे आबाजींचं दोन खोल्यांचं घर. रिटायर होताना प्लॉट स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. कौशल्याबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "जिंदगीभर तुमच्या फाटकापाशी जंगलात काहाडली मी. आतातरी माणसात घर बांधा न." आबाजी म्हणाले, "शाळा हाय न बाजूले. पोट्ट्याईचा आवाज येते." त्या घरात बाई दोनच वर्षं राहिल्या. त्यांना जाऊन आता चौथं वर्ष लागलं. मुलगी मोहिनी पुण्याला असते. दर रविवारी फोन करते, जेवले का, गोळी घेतली का विचारते. मग तिकडे कुकरची शिट्टी होते आणि ती "ठेवतो बाबा" म्हणते.

साडेचारला शाळा सुटली की त्या अंगाला माणूस म्हणून एक आबाजी. पलीकडचे लोक काही वाईट नव्हते. पण हायवे ओलांडून एका म्हाताऱ्याकडे चहाला कोण येतं हो? बाई होत्या तोवर एखादी शेजारीण पापड लाटायला यायची. बाई गेल्या, पापडही गेले.

तर ड्युटीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी आबाजी दाढी करत होते आणि रस्त्यावरून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते धावले. पाचवीतली नंदिनी दुभाजकापाशी पडली होती. एका टेम्पोनं तिला उडवलं होतं. पोरगी वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. चार महिने पाय प्लास्टरमध्ये होता. आबाजींच्या फाटकावर चौतीस वर्षांत कोंबडीसुद्धा मेली नव्हती. आणि त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर हे! त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेटीतून लाल आणि हिरवा झेंडा काढून ते फाट्यावर हजर झाले. आणि पहिल्याच सकाळी फजिती करून घेतली. कारण गेटमनच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली असते, की लाल झेंडा दिसला की समोरचा थांबतो. अहो, आगगाडी थांबते! दोन हजार टनांची मालगाडी त्यांच्या झेंड्यापुढे थांबली होती. आबाजींनी मोठ्या थाटात ट्रकला लाल दाखवला. ट्रकवाल्याला वाटलं, कुठल्यातरी पार्टीचा मोर्चा आहे. त्यानं खिडकीतून हात हलवला, हॉर्न वाजवला आणि सुसाट निघून गेला. फाट्यावरचा दुकानदार हिरालाल पोट धरून हसला.

त्या दिवसापासून आबाजींनी गाड्यांवर भरवसा ठेवणं सोडलं आणि पोरांना धरलं. एक जाड दोर आणला. त्याला तेवीस गाठी मारल्या, कारण पलीकडून येणारी पोरं तेवीस. ज्याची त्याची गाठ ठरलेली. सकाळी पावणेदहाला आबाजी गावाच्या अंगाला जाऊन उभे राहत. पोरं गाठ धरून ओळीत लागत. दोन शिट्ट्या झाल्या की दुभाजकापर्यंत जायचं. तिथं थांबायचं. पुन्हा दोन शिट्ट्या, मग शाळा. संध्याकाळी तेच उलट. आणि नियम एकच, रोज म्हणून घेतलेला.

"आबाजी नसन तं?"

"रोडवर पाय नाई!" तेवीस गळे ओरडायचे.

"माय म्हणन, चाल, मी नेतो. मंग?"

"पाय नाई!"

"मास्तर म्हणन?"

"पाय नाई!"

गेटमनच तो. एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीनं फाटकासमोर वीस मिनिटं हॉर्न वाजवला होता. पुढारी स्वतः खाली उतरून ओरडला, तरी आगगाडी जाईपर्यंत ह्यांनी फाटक उघडलं नव्हतं. ती गोष्ट पोरांना तोंडपाठ होती.

शाळेचे रत्नदीप सर तरुण आणि समजूतदार माणूस. शाळेसमोरच अंडरपाससाठी, निदान गतिरोधकासाठी त्यांचे अर्ज चालूच होते. ते एकदा म्हणाले, "आबाजी, तुमचे उपकार आहेत. पण मुलांना रस्ता पाहायलाही शिकवा ना. उजवीकडे किती लांब गाडी आहे, ती किती वेगात आहे, हे त्यांचं त्यांना कळलं पाहिजे. नुसता दोर धरून किती दिवस?"

आबाजी भडकलेच. "सर, तुमी वर्गात शिकवा. फाटक माह्यं हाय."

रागाचं खरं कारण आबाजींना माहीत होतं, पण ते त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं. पोरं रस्ता पाहायला शिकली, तर आबाजींचं काम काय उरलं? त्या दोन वेळच्या दहा-दहा मिनिटांवर त्यांचा दिवस उभा होता. पियुषच्या बकरीला दोन पिल्लं झाली, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा बाप दारू पिऊन आला, सगळं त्या दोरावरून त्यांच्यापर्यंत पोचायचं. बाकी दिवसभर बोलायला भिंती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर एकदा ते पावणेदहाला फाट्यावर जाऊन उभे राहिले. हिरालालनं विचारलं, "काऊन आबाजी, आज इकडं?" म्हणाले, "काई नाई, पाय मोकळे कराले आलतो." हातात झेंडा होता! हिरालाल त्या दिवशी हसला नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना पियुषनं विचारलं, "आबाजी, तुमच्याकडं बोजारा भेटते का?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे खरे बैल, पोरांचे लाकडी. चाकं लावलेले, बेगड चिकटवलेले नंदी ओढत पोरं घरोघर जातात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवते. त्याला म्हणायचं बोजारा.

आबाजींच्या दारात एकही नंदी कधी आला नव्हता. रेल्वेच्या फाटकावर कोण येणार, आणि इथं तर हायवे आडवा. पण ते लगेच म्हणाले, "भेटते न बे! काऊन नाई भेटत? परवाच्या दिवशी तीन वाजता सगळे या. नंदी घेऊन या."

"सगळेच?"

"तेवीसच्या तेवीस!"

पोरं उड्या मारत गेली. आणि आबाजींची जी धांदल उडाली, ती काही विचारू नका. त्याच संध्याकाळी ते हिंगणघाटला जाऊन आले. मुरमुरे, फुटाणे, गुळाच्या रेवड्या, तेवीस रंगपेट्या. पोळ्याचा अख्खा दिवस पुड्या बांधण्यात गेला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अंगणातलं गाजरगवत उपटलं, ओटा धुतला, चटई झटकली. मग आठवलं की नंदी ओवाळायला ताट लागतं. कौशल्याबाईंचं पितळी ताट फळीवर काळं पडलं होतं, ते चिंचेनं घासलं. कुंकू कुठे ठेवायच्या त्या, हे काही केल्या सापडेना. अख्खं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. शेवटी एका जुन्या डबीत सापडलं, दगड झालेलं. ते बोटानं खरवडता खरवडता आबाजी म्हणाले, "पाह्य वो, तुह्या घरी आज पाहुणे येऊन राह्यले." बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण मोठ्यानं बोललो.

अडीचलाच ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले. घरासमोर शाळेची लांबलचक इमारत, त्यामुळे तिथून रस्ता दिसत नाही. फक्त ट्रकांची घरघर ऐकू येते.

तीन वाजले. पोरंच ती, नटतील, सजतील, उशीर होईल. साडेतीन वाजले. मारुतीच्या देवळापाशी नंदीची स्पर्धा असेल, तिथं अडकली असतील. चार वाजले. ताटातल्या दिव्याची वात दोनदा विझली, दोनदा लावली. साडेचारला आबाजींच्या मनात राग आला. पोट्ट्याईची जात! जिथं मोठा बोजारा तिथं पळाले असतील. मग त्यांना वाटलं, पोरांचा काय दोष, मायाच म्हणाल्या असतील, कायले जाता त्या एकट्या म्हाताऱ्याच्या घरी, ना बाई ना माणूस. हे त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं. एकदा उठून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहावं असं वाटलंही. पण मग वाटलं, आपण काय भिकारी आहोत, हात जोडून बोलवायला जायला? यायचं तर यावं. नाही तर जावं खड्ड्यात. आणि ते बसून राहिले. काय जिद्द असते एकेका माणसाची!

सहा वाजले. उन्हं गोदामाच्या मागे गेली. आबाजींनी तेवीस पुड्या पिशवीत भरल्या. हिरालालकडे टाकून येऊ, ज्याला द्यायच्या त्याला देईल, असं ठरवून ते निघाले. रस्ता ओलांडला, दुकानासमोर पिशवी धपकन ठेवली. ते काही बोलणार तोच हिरालालच त्यांच्यावर ओरडला.

"होते कुठं तुमी आबाजी? पोट्टे अडीच घंटे उभे होते न इथं!"

"कोणते पोट्टे?"

"कोणते म्हणजे? तुमचे! तीनपासून लाइन लावून उभे. दोर नाई, काई नाई, तरी ज्याच्या त्याच्या जागेवर. हरेकाजवळ नंदी. म्या म्हटलं, चाला बापू, मी नेतो तिकडं. तं ते नंदिनी म्हणते, आबाजी आल्याशिवाय रोडवर पाय नाई. मंग एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं दुभाजकापर्यंत रोडच अडवला पुरा, म्हणे, जा रे पोट्टेहो. तरी नाई गेले! पियुषनं एक पाय टाकलता, तं त्याची कॉलर धरून मांगं वढला तिनं. मंग सगळे मिळून आवाज द्याले लागले. आबाजी, आबाजी... तुमाले आलाच नाई का आवाज?"

आबाजींनी मान हलवली. ट्रकांच्या घरघरीत काय ऐकू येणार होतं? आणि पोरांना रस्ता ओलांडून आणायला आपणच जायला हवं, हे बोजाऱ्याच्या धांदलीत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लहान पोट्टे रडाले लागले. मंग साडेपाचले त्याईच्या माया आल्या अन् घेऊन गेल्या."

आबाजी दुकानाच्या बाकावर बसले. हिरालालनं पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. आधी त्यांना आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पोरं आली होती! तेवीसच्या तेवीस आली होती. कुणाची माय काही म्हणाली नव्हती. आणि नियम असा पाळला होता की रेल्वेतही कुणी पाळला नसता. नंदीला घेऊन येणारं पोर ते, बोजाऱ्यासाठी जीव टाकणारं, तरी पाय म्हणून टाकला नाही. आबाजींना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पण बाकावर बसल्या बसल्या दुसराच विचार आला. ट्रॅक्टरनं दुभाजकापर्यंत अख्खा रस्ता अडवला होता. तेवढ्यात एकही गाडी येणार नव्हती. तरी पोरं गेली नाहीत. का? कारण त्यांनी रस्ता पाहिलाच नव्हता. त्यांनी फक्त आबाजी आहेत का, एवढं पाहिलं होतं. मग उद्या आबाजी असतील आणि आबाजींचीच नजर चुकली, तर? सहासष्टावं चालू आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, हे त्यांनी मोहिनीलाही सांगितलं नव्हतं. आणि एखाद्या सकाळी ते उठलेच नाहीत, तर? तेवीस पोरं या रस्त्याच्या काठावर किती वेळ उभी राहतील? मग कंटाळून एक पोर पाय टाकेल, न पाहताच. कारण पाहायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नाही. रत्नदीप सर शिकवा म्हणाले, तर त्यांच्यावर खेकसलो. आपल्या घरी कुणी येत नाही म्हणून, आपली गरज कुणाला तरी असावी म्हणून, आपण ह्या लेकरांना आंधळं ठेवलं. आबाजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पोरं फुगलेली होती. "आबाजी, तुमी लबाड हा," पियुष म्हणाला. "या म्हटलं अन् न्याले आलेच नाई." नंदिनी तर बोलेचना. आबाजींनी पुड्या वाटल्या. पोरांनी घेतल्या, रंगपेट्या उघडून पाहिल्या, एक-दोघांना हसूही आलं. पण नंदी घरी माळ्यावर चढले होते. तान्हा पोळा काल होऊन गेला होता आणि तो आता वर्षभर येणार नव्हता.

शाळा भरल्यावर आबाजी वर्गाच्या दारात उभे राहिले. "सर, तुमचं बराबर होतं," एवढंच म्हणाले. रत्नदीप सरांनी खुर्ची दिली. आबाजी बसले नाहीत. "शिकवू त्याईले. तुमी सांगा, कसं कराचं."

महिनाभर शिकवणी चालली. शाळेच्या मैदानात चुन्यानं रस्ता आखला. मग खऱ्या रस्त्याच्या काठावर उभं राहून पोरं गाड्या पाहू लागली. हा ट्रक त्या कडुनिंबापाशी असला तर जायचं की नाही? ही मोटारसायकल? आधी उजवीकडे पाहायचं, दुभाजकापासून पुढे डावीकडे. पोरं चुकायची, आबाजी बोंबलायचे, सर समजावायचे. नंदिनी सातवीत होती. तिचं सहसा चुकत नसे. एकदा जिचं हाड मोडलं आहे, ती गाडी बरोबर ओळखते. आबाजींनी शिट्टी गळ्यातून काढून तिला दिली. दिल्यावर त्यांचा हात दिवसभर छातीपाशी जात होता.

आणि घटस्थापनेच्या आदल्या सोमवारी ठरलं की आज आबाजी बोलणार नाहीत. सर पलीकडे शाळेच्या अंगाला उभे राहिले. आबाजी गावाच्या अंगाला, हात मागे बांधून, ओठ गच्च मिटून. नंदिनी पुढे. एक कंटेनर गेला, मागून दोन कार गेल्या. ती थांबली. आबाजींना वाटलं, आता जा न बाई! पण लांब वळणावर एक मोटारसायकल होती. आबाजींना ती दिसलीच नव्हती, तिला दिसली होती. मोटारसायकल गेल्यावर दोन शिट्ट्या झाल्या. पोरं दुभाजकापर्यंत गेली, थांबली, पाहिलं, पुन्हा दोन शिट्ट्या, आणि सगळी पलीकडे पोचली. सरांनी टाळ्या वाजवल्या. शाळेची घंटा झाली आणि पोरं धूम आत पळाली.

गावाच्या अंगाला आबाजी एकटे राहिले. शाळेच्या वेळी पोरांच्या दोराशिवाय, एकट्यानं परत जायची त्यांची दोन वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. त्यांचं घर पलीकडे होतं. ते शाळेकडेच पाहत राहिले आणि तसेच निघाले.

"आबाजी! पाय मांगं घ्या!"

ते दचकून मागे झाले. टँकर त्यांच्या समोरून गेला, वाऱ्यानं टोपी उडाली. पलीकडे नंदिनी अजून काठावरच उभी होती. ती वर्गात गेली नव्हती. तिनं एक हात वर धरला होता आणि ती हैदराबादकडचा रस्ता पाहत होती. आबाजींनी टोपी उचलली आणि काठावर ते गुपचूप उभे राहिले, पहिलीतल्या पोरासारखे. डोळे भरून आल्यामुळे त्यांना त्या क्षणी डावं-उजवं काहीच दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं दोन शिट्ट्या ऐकू आल्या.

"या आता," नंदिनी ओरडली. "हळू या आबाजी. मी पाहून राह्यली न."